चौथा डाऊन

सौदीतल्या हफ्र अल बातिनमध्ये मी चौदा वर्षं एका खासगी हॉस्पिटलची रक्तपेढी सांभाळतो आहे, आणि त्यातली एक अख्खी थंडी मी आमच्याच हॉस्पिटलच्या एसी मेकॅनिकवर जळण्यात घालवली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर मध्येच कबूल करायला गेलो की माणूस उगीच सारवासारव करतो.

भांडण अमेरिकन फुटबॉलवरून होतं. आम्हा दोघांच्या सात पिढ्यांत हा खेळ कुणी पाहिला नव्हता. मी सांगलीचा, तो रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा. परदेशी नोकरदारांच्या वसाहतीत, म्हणजे कंपाउंडमध्ये, राहणाऱ्या एका अमेरिकन इंजिनियरने आपल्या मुलींसाठी तिथल्या हिरव्या मॅटच्या मैदानावर हा खेळ सुरू केला. धक्काबुक्की नसलेला प्रकार, पाच-पाच मुलींचा. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन फडकी. बॉल घेऊन पळणारीचं फडकं ओढलं की ती थांबली. हळूहळू इंडियन स्कूलमधल्या मुली आल्या, इजिप्शियन आल्या, फिलिपिनो नर्सेसच्या मुली आल्या, आणि चार संघ झाले. दर शुक्रवारी दुपारची असरची नमाज झाली की मॅच, आणि मावळतीच्या मगरिबच्या आत खलास. पुढे त्या इंजिनियरचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. जाताना त्याने आमच्या संघाची शिट्टी माझ्या गळ्यात घातली, कारण पालकांमध्ये नियमांचं पुस्तक पूर्ण वाचलेला मी एकटाच होतो.

माझी मुलगी त्या संघाची क्वार्टरबॅक होती. म्हणजे प्रत्येक खेळी तिच्या हातून सुरू व्हायची. दहावीत होती. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, मग जूनमध्ये पुणे, हॉस्टेल. इथल्या बहुतेक घरांत हे असंच होतं. मूल दहावी किंवा बारावी झालं की निघतं आणि मागे आईबाप आणि त्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, उरतो. तेव्हा ती थंडी ही आमची शेवटची होती, आणि मला ती तिच्यासोबत मैदानावर घालवायची होती. पोरगी घरात माझ्याशी इंग्रजीत दोन शब्द बोलायची, 'ओके' आणि 'नथिंग'. मैदानावर मात्र तिला माझ्याकडे बघावंच लागायचं.

ते कसं, एवढंच सांगतो. खेळातलं बाकीचं कळलं नाही तरी चालेल. मैदानाच्या मध्यरेषेपलीकडे जायला संघाला चार प्रयत्न मिळतात. त्यांना डाऊन म्हणतात. तीन फसले की चौथ्याला कोचने ठरवायचं. बॉल देऊन टाकला तर समोरचा संघ पार मैदानाच्या त्याच्या टोकापासून सुरुवात करतो, त्याला लांब यावं लागतं. नाही दिला, चौथाही खेळलो, आणि जमलं, तर आपण पुढे. नाही जमलं तर समोरच्याला बॉल तिथल्या तिथे मिळतो, आपल्या दाराशी. तळवा दाखवला म्हणजे 'दे', मूठ दाखवली म्हणजे 'खेळ'. त्या क्षणी क्वार्टरबॅक बाहेर उभ्या असलेल्या कोचकडे बघते. मी तळवा दाखवायचो. दर वेळी तळवाच.

अमेरिकेत यावर म्हणे मोठे वाद चालतात. मी व्हिडिओ बघायचो, जेवताना, दाढी करताना. आकडेमोड करणारे लोक सांगतात की तिथले हेड कोच गरजेपेक्षा जास्त वेळा बॉल देऊन टाकतात. कारण साधं आहे. बॉल दिला आणि हरलो तर लोक म्हणतात, मुलं कमी पडली. खेळलो आणि फसलो तर लोक म्हणतात, कोच मूर्ख आहे. पहिल्यात नोकरी वाचते. हे ऐकून मला त्या लठ्ठ पगाराच्या माणसांबद्दल आपुलकीच वाटली. चौदा वर्षं एका कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या एकाच मालकाकडे, काढलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायला लागत नाही.

शिवाय माझा धंदाच असा. रक्ताची पिशवी खिडकीतून बाहेर जाण्याआधी दोन माणसं पिशवीवरचं नाव, फाइलचा नंबर, गट, सगळं मोठ्याने वाचून ताडतात आणि दोघं सह्या करतात. समोर डॉक्टर ओरडत असला तरी दुसरी सही झाल्याशिवाय पिशवी हलत नाही. माझ्या हातून चौदा वर्षांत एकही चुकीची पिशवी गेली नाही, आणि मला त्याचा माज आहे. तर मी हीच पद्धत मैदानावर आणली. चौथ्या डाऊनला हेड कोच ठरवेल, पण हात वर करण्याआधी असिस्टंट कोचने 'ओके' म्हणायचं. त्याशिवाय खूण नाही. पालकांना हे फार आवडलं. आता फक्त असिस्टंट हवा होता.

तो असा आला की एकदा सरावाला आमचा पाण्याचा कूलर बंद पडला आणि दुरुस्तीला हॉस्पिटलमधून त्याला पाठवलं. वीस मिनिटांत कूलर चालू करून तो मैदानाच्या कडेला उकिडवा बसला आणि बघायला लागला. मग उठून एका मुलीला म्हणाला, "अगं बाय, बॉल पोटाशी धर, नारळ धरतात तसा." त्या मुलीने पुढच्या खेळीत गोल केला. पुढच्या शुक्रवारी तो परत आला. त्याची बायकापोरं गावी, शुक्रवार मोकळा. मीच त्याला असिस्टंट केला. माझ्याच हाताने, हे लक्षात घ्या.

माणूस चाळिशीचा, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मला 'साहेब' म्हणायचा आणि 'तुम्ही' म्हणायचा, म्हणजे तिथेही बोट ठेवायला जागा नाही. याआधी जिझानला होता रिफायनरीच्या कामावर, त्याआधी मक्केत हॉटेलांच्या एसीवर. तीन कफील बदलले होते. एकदा तर हातात दुसरी नोकरी नसताना पहिली सोडली होती आणि दोन महिने मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपला होता, हे तो हसत हसत सांगायचा. मी त्याच काळात एकाच टेबलावर बसून होतो, आणि दम्मामच्या एका मोठ्या हॉस्पिटलचं पत्र खणात ठेवून त्याला उत्तरच दिलं नव्हतं. बायको अजून ते पत्र काढते अधूनमधून. "तुम्ही विचार करा हं," म्हणते, "घाई नाही."

त्याला अरबी असं यायचं की कंपाउंडच्या गेटवरचा गार्ड माझं कार्ड उलटसुलट तपासायचा आणि त्याला मिठी मारायचा. तो मुलींना तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी आणायचा, आणि माझी मुलगी, जिला घरी भाकरी म्हटलं की डोकं दुखतं, ती दोन दोन खायची. त्याला 'काका' म्हणायची. त्याच्याशी चक्क मराठीत बोलायची. माझ्याशी इंग्रजी आणि त्याच्याशी मराठी! मी घरी बायकोला म्हटलं, "पोरीला शिकवलं आपण आणि बोलते दुसऱ्याशी." बायको म्हणाली, "तो तिचं ऐकून घेतो मध्ये न बोलता. तुम्हीही करून बघा." मला एवढा राग आला की मी खरंच मध्ये बोललो.

दुसऱ्या मॅचला माझी अचानक ड्यूटी लागली आणि संघ त्याच्या हवाली केला. संध्याकाळी घरी आलो तर मुलगी सोफ्यावर मांडी घालून आईला हातवारे करून काहीतरी सांगत होती, गाल लाल झालेले. मला वाटलं, जिंकले. "हरलो!" ती ओरडली. "बाबा, वी लॉस्ट! पण काय मॅच झाली! काकांनी फोर्थ डाऊनला तीनदा मूठ दाखवली. तीनदा!" तीनपैकी दोनदा फसलं होतं. मी म्हटलं, मग दिला असता बॉल तर जिंकला असता. तिचा चेहरा उतरला. "हो," ती म्हणाली. "ओके." आणि आत गेली. मी त्या आधीची मॅच जिंकून दिली होती, सहा विरुद्ध शून्य, आणि गाडीत ती सबंध रस्ताभर खिडकीबाहेर बघत होती.

माझ्याबरोबर जिंकण्यापेक्षा त्याच्याबरोबर हरण्यात तिला जास्त मजा येत होती. हे मला कळलं आणि मग मला दुसरं काही सुचेना. पिशव्या तपासताना हेच डोक्यात. मी मनातल्या मनात त्याच्या चुका मोजायचो. त्याला नियमांचं कलम एकही सांगता यायचं नाही. तो मुलींना नावाने नव्हे, फळांच्या नावाने हाक मारायचा, फणस, करवंद, आणि त्या खूश! मी त्याला एकदा म्हटलं, "अरे, अमेरिकेत कोच असं अंदाजपंचे ठरवत नाहीत. त्याला हिशेब असतो." तो म्हणाला, "साहेब, हिशेब माझाही असतो. पोरींचे डोळे बघायचे. खेळायचंय का विचारायचं नाही, दिसतं ते." मला पोरींचे डोळे कधी दिसलेच नव्हते, मी मैदानाकडे बघायचो.

मग एक बारीक गोष्ट सुरू झाली, जी दुसऱ्या कुणाच्या लक्षात आली नसेल. आम्ही दोघं कडेला शेजारी शेजारी उभे असायचो. चौथा डाऊन आला की माझी मुलगी मान वळवून आधी त्याच्याकडे बघायची, मग माझ्याकडे. अर्ध्या क्षणाचा फरक. ती माझ्या खुणेविरुद्ध कधीच गेली नाही. तळवा म्हणजे तळवा. पण आधी त्याच्याकडे. मी दर मॅचला तेच बघत राहायचो. त्याने 'ओके' म्हणायचं, मी हात वर करायचा, आमची दोन सह्यांची पद्धत बिनबोभाट चालू होती, आणि आत माझं जळत होतं. सातपैकी पाच मॅचेस जिंकून आम्ही फायनलला पोचलो. माझ्या सावधपणाने पोचलो, असं मी समजतो. पालक म्हणायचे, काय जोडी आहे!

फायनलच्या दिवशी हवा छान होती, वारा नव्हता. पालक पलीकडच्या बाजूला खुर्च्या टाकून बसले होते, कहव्याचे थर्मास, खजूर, सगळं घेऊन. आम्ही दोघं अलीकडे. खेळ शेवटच्या दीड मिनिटावर आला तेव्हा आम्ही तेरा, ते बारा. बॉल आमच्याकडे, आमच्याच अर्ध्यात. तीन डाऊन फसलेले. मध्यरेषेला चार-पाच पावलं कमी होती.

आता हे एखाद्या लहान मुलालाही कळेल. एका गुणाने पुढे आहात, दीड मिनिट उरलंय. बॉल द्या. त्यांना अख्खं मैदान पार करू द्या. यात धाडस नाही, भित्रेपणाही नाही. व्हिडिओतले ते आकडेवाले, जे एरवी प्रत्येक कोचला भित्रा म्हणतात, तेही इथे गप्प बसले असते. मी सबंध आयुष्य ज्या एका निर्णयासाठी तयारी केली होती, तो समोर आयता आला होता.

मुलीने मान वळवली. आधी त्याच्याकडे बघितलं. तो खाली वाकून एका बदली मुलीच्या पट्ट्याचं फडकं नीट बसवत होता, त्याचं लक्षच नव्हतं. तरी ती त्याच्याकडे बघत राहिली, वाट बघत. पंच घड्याळाकडे बघत होता. मी तिथे गळ्यात शिट्टी घालून उभा होतो, सहा फुटांवर, आणि ती वाकलेल्या माणसाच्या पाठीकडे बघत होती.

मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी मूठ वर केली.

'ओके' विचारलं नाही. दुसरी सही घेतली नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा. तो सरळ होता होता म्हणाला, "साहेब, द्या, बॉल द्या—" पण तोवर खेळी सुरू झाली होती. तिच्या चेहऱ्यावर एक क्षण आश्चर्य आलं, तेवढं मला दिसलं. तिने बॉल फेकला. चांगला फेकला. पलीकडच्या मुलीच्या बोटांना लागून तो खाली पडला. समोरच्या संघाला बॉल तिथेच मिळाला आणि दोन खेळ्यांत त्यांनी गोल केला. अठरा-तेरा. शिट्टी.

पालक मैदान ओलांडून आले. लांबून त्यांना नुसता एक हात वर गेलेला दिसला होता, कुणाचा ते नाही. हैदराबादच्या एका पालकाने, ज्याची मुलगी आमच्याच संघात होती, आल्या आल्या विचारलं, "अरे किसका कॉल था ये?"

मी तोंड उघडलं. म्हणजे मला अजून असं वाटतं की मी उघडलं होतं.

"मेरा," तो म्हणाला. छातीवर हात ठेवून. "मेरा था, भाई. गलती हो गई."

सगळे हसायलाच लागले. "यार, तू भी ना! दूसरे मैच में भी यही किया था!" कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. "पर जिगर है बंदे में." कुणी त्याच्या हातात कहव्याचा कप दिला. दोन मुली रडत होत्या त्या त्याच्याकडे गेल्या आणि तो त्यांना काहीतरी फणस-करवंद करून हसवायला लागला. हैदराबादी पालक माझ्याकडे वळला. "आपने तो मना किया होगा, साब," तो हळूच म्हणाला. आणि मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याचं त्याने ठरवावं अशी हलवली.

माझी मुलगी तीन पावलांवर कमरेचा पट्टा सोडत होती. तिने मला मान हलवताना बघितलं, मग पट्टा पिशवीत टाकला आणि चेन लावली.

गाडीत ती परत खिडकीबाहेर बघत बसली. आणि मी काय करत होतो? मला लाज वाटत होती, ते खरं. पण लाजेखाली आणखी काही होतं आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी जळत होतो. मी आयुष्यात एकदा मूठ वर केली आणि तीही त्याच्या नावावर गेली. मॅच मी घालवली आणि जिगर त्याची झाली. पाठीवर थाप त्याच्या पडली. मला वाटत होतं की गाडी वळवावी, मैदानावर परत जावं आणि ओरडून सांगावं की तो मूर्खपणा माझा आहे, माझा, परत करा.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी तळमजल्यावर एसीच्या चिलरच्या खोलीत गेलो. तो पान्याने काहीतरी आवळत होता. मी विचारलं, असं का बोललास तू?

"काय ओ साहेब," तो म्हणाला, "दोन सह्या असतात ना? मग अर्धी चूक माझी. मी खाली बघत बसलो फडकं बांधत."

"अर्धी घ्यायचीस मग. अख्खी का घेतलीस?"

तो हसला. "मी हरलो तर लोक हसतात. तुम्ही हरलात तर लोक विचारणार, असं कसं झालं. पोरगी समोर होती तुमची." मग पाना खाली ठेवून म्हणाला, "पण एक विचारू? तुम्ही मूठ का दाखवलीत? तिथे मी पण दिला असता."

मी जिन्याकडे वळलो. त्याच्या चांगुलपणाने माझ्या अंगाची आग झाली होती. इतका चांगला माणूस समोर असला की स्वतःचा हलकेपणा लपवायला आडोसाच राहत नाही. वर आलो, खुर्चीत बसलो आणि पालकांच्या ग्रुपवर इंग्रजीत लिहिलं की कालच्या चौथ्या डाऊनचा निर्णय सर्वस्वी माझा होता, असिस्टंट कोचचा त्यात काही संबंध नाही, आणि मी माफी मागतो. दोनदा वाचून पाठवलं.

अंगठे आले. जोडलेले हात आले. एका फिलिपिनो आईने लिहिलं की खरा लीडर असाच असतो. हैदराबादी पालकाने तर लांबलचक लिहिलं, 'साब, छोटे की गलती अपने सर ले ली, ऐसा सीनियर नसीब से मिलता है.' खाली आणखी सात-आठ जणांनी त्याला दुजोरा दिला. एकाचाही विश्वास बसला नव्हता. माझ्यासारखा माणूस तिथे मूठ दाखवेल हे त्या तीस घरांत कुणाच्या कल्पनेतच बसेना. आता मी त्या चुकीबद्दलही थोर ठरलो होतो.

घरी आलो तेव्हा मुलगी जेवणाच्या टेबलावर सायन्सचं पुस्तक उघडून बसली होती. मी फोन तिच्यासमोर ठेवला. "वाच," म्हटलं. तिने वाचलं, माझंही आणि खालची सगळी उत्तरंही, अंगठ्याने हळूहळू सरकवत.

"बघितलंस?" मी म्हटलं. "मी खरं सांगितलं. कुणी विश्वासच ठेवत नाही."

"मी ठेवते," ती म्हणाली. मराठीत म्हणाली.

मला एकदम भरून आलं. तिच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून मी हात पुढे केला. तिने फोन माझ्याकडे सरकवला आणि पेन्सिल उचलली.

"काकांनी बॉल दिला असता, बाबा," ती म्हणाली.